खटका नेमका कुठला? आधी मोजमाप, मग पाना

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभ्या राहणाऱ्या शिकाऊ कारागिराला एक गोष्ट अगदी सुरुवातीला कळते. क्रॉस स्लाइडचे हँडल एका दिशेने फिरवून थांबवले आणि मग उलट फिरवले, तर पहिला थोडा भाग ते नुसतेच फिरते. टूल जागचे हलत नाही. स्क्रू आणि नट यांच्या आट्यांमधील मोकळी जागा भरून निघेपर्यंत हाताची हालचाल पुढे पोहोचत नाही. या मोकळ्या जागेला कारखान्यात ‘बॅकलॅश’ किंवा नुसते ‘प्ले’ म्हणतात. कसबी कारागीर तिच्यावर चिडत नाही. ती किती आहे हे तो डायल गेज लावून पाहतो आणि त्या हिशेबाने काम काढतो.

त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र हा विवेक बहुधा हरवतो. पहिला गियर टाकून क्लच सोडताच खालून ‘ठक्क’ असा आवाज येतो. रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘ठक्क’. मालक अस्वस्थ होतो, गाडी गॅरेजमध्ये नेतो. तेथे कोणी म्हणते ‘क्रॉस गेला’, कोणी म्हणते ‘डिफरन्शियल उघडावा लागेल’, तर कोणी थेट गियरबॉक्सकडे बोट दाखवते. प्रत्येक अंदाजासरशी एक भाग बदलला जातो, बिल वाढत जाते आणि खटका तसाच राहतो. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘जीप म्हटली की आवाज यायचाच’ असे समजून दुर्लक्षिलेला खटका एखाद्या दिवशी घाटात शाफ्ट तुटण्याची पूर्वसूचनाही असू शकतो. म्हणूनच हा आवाज कसा निर्माण होतो आणि तो कोणत्या क्रमाने शोधावा, हे वाहनधारकाने समजून घेणे आवश्यक आहे.

मोकळीक हा दोष नव्हे

इंजिनाची ताकद चाकापर्यंत एका अखंड दांड्यातून जात नाही. क्लच, गियरबॉक्स, ट्रान्स्फर केस, प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, डिफरन्शियलमधील पिनियन आणि क्राउन व्हील, अ‍ॅक्सल आणि अखेर चाकाचा हब अशी ही लांबलचक साखळी आहे. तिच्या प्रत्येक सांध्यावर दात दातात अडकलेले असतात आणि त्यांच्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. तेलाचा थर बसण्यासाठी आणि तापल्यावर धातू प्रसरण पावतो त्याला जागा मिळण्यासाठी ही फट हवीच. क्राउन व्हील आणि पिनियन यांच्या दातांमध्ये ती साधारणतः मिलिमीटरच्या एक ते अडीच दशांशाएवढी असते. हौसेने ती शून्यावर आणली, तर आवाज थांबण्याऐवजी दात तापतात, घुमतात आणि लवकर झिजतात.

मिरज जंक्शनवर मालगाडी सुटताना ऐकणाऱ्यास याचा प्रत्यय येतो. इंजिन पुढे सरकते, पहिल्या वाघिणीची कडी ताणली जाते, मग दुसरीची, मग तिसरीची, आणि खणखणाट शेवटपर्यंत धावत जातो. प्रत्येक कडीतील सैलपणा थोडाच असतो, पण त्यांची बेरीज मोठी होते. गाडीच्या बाबतीत ही सगळी साखळी काही फुटांत सामावलेली असल्याने अनेक छोट्या खटक्यांचा मिळून एकच ‘ठक्क’ ऐकू येतो.

त्यात गियरचे गुणोत्तर भर घालते. डिफरन्शियलचे गुणोत्तर चारास एक असेल, तर चाकापाशी असलेली अर्ध्या अंशाची मोकळीक प्रोपेलर शाफ्टपाशी दोन अंशांची होऊन दिसते. गाडीखाली वाकून शाफ्ट हाताने हलवणाऱ्याला ‘केवढा प्ले!’ असे वाटते. परंतु त्यातील बराच भाग निर्दोष भागांच्या रीतसर फटींची बेरीज असू शकतो.

आवाज किती मोठा होणार, हेही यावरूनच ठरते. फट भरून निघेपर्यंत मोकळे फिरणारे भाग वेग घेतात आणि मग दात दातावर आदळतो. या आघाताची ऊर्जा ढोबळमानाने फिरवणारा जोर गुणिले मोकळा कोन एवढी असते. पहिल्या गियरमध्ये आणि रिव्हर्समध्ये हा जोर सर्वांत जास्त असल्याने खटका तेथेच ठळक ऐकू येतो. उलट अर्धा कोन कमी केला की आघातही जवळजवळ अर्ध्यावर येतो. म्हणजेच साखळीतील सगळे भाग नवे करण्याची गरज नसते. ज्याने मर्यादेबाहेर मोकळीक वाढवली आहे, तो एक भाग सापडला तरी पुरते.

आधी कान, पण कानावर भिस्त नको

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराला जव्हारी लावताना कानावर विसंबता येते. गाडीचा तपास कानाने सुरू होऊ शकतो, संपत नाही. कारण पोलाद आवाज उत्तम वाहून नेते आणि पुढच्या सांध्याचा ठोका मागच्या सीटखाली ऐकू येतो. तथापि, आवाज कोणत्या प्रसंगी येतो, हे नीट नोंदवल्यास शोधाचे क्षेत्र बरेच आवळते.

गियर टाकताना, क्लच सोडताना किंवा अ‍ॅक्सलरेटर एकदम सोडून पुन्हा दाबताना एकच ठोका येत असेल, तर साखळीतील मोकळीक अथवा इंजिन व गियरबॉक्सची रबरी माउंटिंग यांवर संशय घ्यावा. फाटलेल्या माउंटिंगवर सगळे इंजिन कलते आणि आवाज हुबेहूब डिफरन्शियलसारखा येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना ‘टक्-टक्-टक्’ असा तालबद्ध आवाज आला, तर पुढच्या अ‍ॅक्सलचा चाकाकडील सीव्ही जॉइंट पाहावा. संथ गतीला ‘चिर्र-चिर्र’ अशी किरकिर येऊन क्रॉसच्या कपांभोवती तांबूस गंजाची पूड दिसत असेल, तर आतील ग्रीस संपून सुयांचे बेअरिंग कोरडे पडले आहे. वेगाबरोबर वाढणारी थरथर हे शाफ्टचे संतुलन बिघडल्याचे किंवा सांधा झिजल्याचे लक्षण होय. जोर दिल्यावर एक आणि जोर काढल्यावर निराळा असा घूं-घूं आवाज येत असेल, तर क्राउन-पिनियनकडे वळावे. आणि गियरशी किंवा अ‍ॅक्सलरेटरशी काहीच संबंध न ठेवता केवळ खड्ड्यात चाक गेल्यावर आवाज येत असेल, तर शक्तिवहनाची साखळी निर्दोष समजून सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड आणि पाट्यांचे यू-बोल्ट तपासावेत.

मोजमापाची रीत

यानंतर गाडीखाली जायचे. तत्पूर्वी सुरक्षिततेचा एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. या तपासात गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी लागते आणि काही चाके उचलावी लागतात. डिफरन्शियलमुळे एक चाक उचलले की त्या अ‍ॅक्सलची पकड सुटू शकते. गियर टाकलेला असला तरी गाडी घरंगळते. म्हणून सपाट जागा, इंजिन बंद, जमिनीवरील चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे आणि जॅकखेरीज मजबूत स्टँड, एवढे झाल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये. दोन चाके उचलून फोर व्हील ड्राइव्ह गाडी गियरमध्ये चालू करून पाहणे तर सर्वथा टाळावे. जमिनीवरची चाके गाडी स्टँडवरून उडवून देऊ शकतात.

पुष्कळदा येथेच एक चूक होते. गियर टाकलेला, चाके जमिनीवर आणि मेकॅनिक शाफ्ट हलवून पाहतो आहे, असे दृश्य दिसते. परंतु या स्थितीत शाफ्ट दोन्ही टोकांनी बांधलेला असतो. तो जेवढा हलतो, तेवढी दोन्ही बाजूंची बेरीज नसते. उलट ज्या बाजूची मोकळीक कमी, तिच्याहून अधिक तो हलूच शकत नाही. मोकळीक खरी मोजायची तर एक टोक पक्के आणि दुसरे मोकळे हवे.

म्हणून पहिले माप असे घ्यावे: मागची चाके जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, गियर न्यूट्रलमध्ये, गाडी टू व्हील ड्राइव्हवर. शाफ्टवर खडूची रेघ मारून शेजारी एक तार खुणेसाठी बांधावी आणि डिफरन्शियलकडील फ्लँज दोन्ही दिशांना हाताने फिरवून रेघ किती सरकते ते पाहावे. ही डिफरन्शियल, अ‍ॅक्सल आणि हब यांची एकत्रित मोकळीक झाली. दुसरे माप: मागची दोन्ही चाके स्टँडवर, पुढच्या चाकांना ठोकळे, गियर टाकलेला. आता ट्रान्स्फर केसकडील फ्लँज फिरवावा. ही गियरबॉक्स व ट्रान्स्फर केसची मोकळीक. तिसरे माप क्रॉसचे. सांध्याच्या अलीकडचा योक घट्ट धरून पलीकडचा फिरवावा, तसेच वर-खाली व आत-बाहेर हलवावा. दोन्ही योक एकदम हलले पाहिजेत. एक आधी आणि दुसरा नंतर हलत असेल, तर तो क्रॉस गेला. येथे ‘थोडा प्ले चालतो’ असे म्हणता येत नाही. क्रॉसमधील मोकळीक हाताला जाणवताच कामा नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, शाफ्टचा व्यास ७५ मिलिमीटर आहे. त्याच्या कडेवर एक अंश म्हणजे सुमारे ०.६५ मिलिमीटर. मोजणीत डिफरन्शियलकडे ३ मिलिमीटर, गियरबॉक्सकडे २.५ मिलिमीटर आणि दोन्ही क्रॉस मिळून ३.५ मिलिमीटर सरक आढळली. एकूण ९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे चौदा अंश. डिफरन्शियलकडील ३ मिलिमीटर ऐकायला भयंकर वाटतात. पण चारास एक या गुणोत्तराने चाकापाशी ते जेमतेम एक अंश भरतात आणि तेही अनेक फटींचे मिळून. क्रॉसकडे मात्र शून्य हवे तेथे साडेतीन आहेत. दोन्ही क्रॉस बदलले की एकूण मोकळीक ५.५ मिलिमीटरवर येईल आणि आघात सुमारे ४० टक्क्यांनी घटेल. क्रॉसची किंमत आणि डिफरन्शियल उघडण्याचा खर्च यांत किती अंतर आहे, हे कोणत्याही गॅरेजमध्ये विचारता येईल. कागदावर लिहिलेले तीन आकडे मालकाच्या खिशाचे रक्षण करतात ते असे.

डिफरन्शियलवर संशय उरलाच, तर उघडण्याआधी तेल काढून पाहावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. चकत्या, कपच्या किंवा दाताचा तुकडा दिसला, तर मात्र उघडण्यास पर्याय नाही. उघडल्यावर क्राउन-पिनियनची फट डायल गेज लावूनच मोजली पाहिजे. हे साधन कुपवाड, मिरजेच्या छोट्या मशिन शॉपमध्येही असते. गॅरेजमध्ये ते नसेल, तर अंदाजाने शिम भरण्यापेक्षा ते तेथून आणणे श्रेयस्कर.

फोर व्हील आणि ऑल व्हील

येथे दोन रचनांतील फरक समजून घेतला पाहिजे. जिप्सी, थार, गुरखा अशा जीपवंशी गाड्यांत चालक लिव्हर ओढून पुढची चाके जोडतो. पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसल्याने दोन्ही एकाच गतीने फिरतात. वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान वर्तुळातून. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तसे होत नाही. शाफ्टमध्ये पीळ साठत जातो आणि तो अचानक सुटताना मोठा ठोका बसतो. असा आवाज ऐकून गियरबॉक्स उघडणे म्हणजे रोग्याऐवजी निरोग्यावर शस्त्रक्रिया करणे होय. उपाय इतकाच, की पक्क्या रस्त्यावर फोर व्हील काढून टाकावे.

इंजिन आडवे बसवलेल्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांची रचना वेगळी असते. २०१४ साली भारतात आलेली डस्टरची ऑल व्हील आवृत्ती किंवा २०२२ सालची ऑलग्रिप प्रणालीची ग्रँड व्हिटारा ही अशी उदाहरणे. त्यांत पुढून निघालेला शाफ्ट मध्ये एका बेअरिंगवर टेकून मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलपाशी विद्युत नियंत्रित क्लच गरजेपुरता जोर मागे पाठवतो. अशा गाडीत इंजिन बंद असताना मागची चाके फिरवली आणि शाफ्ट हलला नाही, तर तो बिघाड नसून क्लच सुटलेला असण्याची शक्यता असते. येथे खटक्याचे नेहमीचे उगम म्हणजे मधल्या बेअरिंगचे फाटलेले रबर आणि मागच्या डिफरन्शियलचे बसलेले बुश. लोखंडी पट्टीने हलका जोर देऊन हे दोन्ही आधी पाहावेत.

या गाड्यांत टायरकडेही लक्ष हवे. दोन टायर नवे, ८ मिलिमीटर नक्षीचे, आणि दोन जुने, ३ मिलिमीटरचे असतील, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो. ३५० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला तो सुमारे १.४ टक्के होतो. कागदावरील हिशेबाने दर किलोमीटरला सहा-साडेसहा फेऱ्यांचा. चालत्या गाडीत टायर दबत असल्याने प्रत्यक्ष फरक याहून कमी भरतो, पण तो सतत असतो. मागचा क्लच तो अखंड सोसत राहतो, तापतो आणि वळणावर धक्के देऊ लागतो. चारही टायर सारख्या झिजेचे व समान हवेचे ठेवणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज होय.

उंची आणि पूर

अलीकडे जीपवंशी गाड्यांना लिफ्ट किट बसवून उंची वाढवण्याची हौस दिसते. साध्या क्रॉसचा एक जन्मजात गुणधर्म येथे आडवा येतो. शाफ्ट कोनात असला, की एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते. कोन १० अंशांचा असेल, तर हा चढउतार दोन्हीकडे सुमारे दीड टक्का असतो. २० अंशांवर तो सहा टक्क्यांच्या पुढे जातो. शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस एकमेकांची ही चूक पुसून काढतात, मात्र दोन्ही कोन सारखे आणि दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. म्हणून शाफ्ट काढण्यापूर्वी त्यावर खूण करावी. स्लायडिंग जॉइंट चुकीच्या दातावर बसवला, तर नवे क्रॉससुद्धा थरथरतात आणि लवकर खराब होतात.

कृष्णाकाठच्या वाहनधारकांसाठी आणखी एक मुद्दा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली परिसरात पाणी शिरले. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला, की आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, क्रॉसमधील ग्रीस धुऊन जाते, सुयांवर गंज चढतो. खटका लगेच येत नाही. तो काही महिन्यांनी येतो, तोवर पाण्याची आठवण पुसलेली असते. पाण्यातून गेलेल्या गाडीचे डिफरन्शियल, गियरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांचे तेल लगोलग तपासावे. जुनी गाडी विकत घेताना प्लग उघडून तेलाचा रंग पाहणे हे रंगकामाची चकाकी पाहण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

कधी थांबावे

सगळेच खटके सारखे तातडीचे नसतात. वर्षानुवर्षे एकाच मापाचा राहिलेला आवाज धोकादायक असेलच असे नाही. परंतु खटका आठवड्यागणिक वाढत असेल, त्याच्याबरोबर नवी थरथर सुरू झाली असेल किंवा क्रॉसमध्ये हाताला मोकळीक जाणवत असेल, तर गाडी आंबा घाटाकडे काढू नये. वेगात पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आपटते, आणि ते रस्त्यात रुतले तर गाडी उलटण्याचाही धोका असतो. पुढे जाण्यापेक्षा टो करून आणणे अशा वेळी स्वस्त पडते.

बाकी सर्व प्रसंगी क्रम एकच: आवाज केव्हा येतो ते नोंदवावे, माउंटिंग, बुश आणि टायर पाहावेत, मग तीन मापे घ्यावीत आणि त्यानंतरच कोणता भाग उघडायचा ते ठरवावे. दुरुस्तीनंतर तीच मापे पुन्हा घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवावीत. पुढच्या खेपेस खटका आला, तर मोकळीक किती वाढली आणि कोणत्या सांध्यावर, हे त्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून मालकालाही सांगता येईल. लेथवरचा कारागीर रोज एवढेच करतो.